निसर्ग उद्यानातल्या खाकी शर्टवाल्या काकांना

काका, तुमचं नाव विचारायचंच राहून गेलं, त्यामुळे इथेच लिहितेय, कोणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल अशी आशा आहे. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी धारावी डेपोसमोरच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात एका म्हाताऱ्या बाईंना चक्कर आल्यासारखं झालं, सोबत मी आणि माझा सहा वर्षांचा मुलगा होतो. तुम्हाला आठवत असेल की नाही माहीत नाही कारण तुमच्याकडे रोज एवढी माणसं येतात, पण आमच्या घरात तो दिवस अजून संपलेला नाही.

आधी थोडं सांगते. त्या माझ्या सासूबाई. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले आणि आम्ही आईंना संगमेश्वरहून कुर्ल्याला घेऊन आलो. गावाला एवढं मोठं परडं, फणस, आंबे, गुरं, आणि इथे सातव्या मजल्यावर दोन खोल्या. तक्रार कधी केली नाही त्यांनी, पण बोलणंच कमी झालं हो. जेवलात का तर हो, बरं वाटतंय का तर हो. टीव्ही लावून द्यायचो तर समोर बसून राहायच्या, बघत नसायच्या. सुट्टी लागली म्हणून मुलाला कुठेतरी न्यायचं होतं, दरवेळी मॉलमध्येच जातो तर यावेळी झाडं बघू म्हटलं, आणि आईंनाही आग्रह करून बाहेर काढलं. निघायला उशीर झाला, बसने पोचेपर्यंत ऊन चढलं होतं आणि आत जरा चालल्यावर त्या एकदम थांबल्या, हात गार पडले आणि घाम फुटला. मी इतकी घाबरले की पर्समधली पाण्याची बाटलीसुद्धा मला सापडेना.

तुम्ही झारी खाली टाकून धावत आलात. आईंना सावलीत कट्ट्यावर बसवलंत, ओला पंचा मानेवर ठेवलात, पाणी घोट घोट प्या म्हणालात, आणि कुठून तरी मीठ-साखरेचं पाणी करून आणलंत. "मावशी, घाई नाही, पाय वर घेऊन बसा" एवढंच. दहा-पंधरा मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. एवढ्यासाठी सुद्धा मी जन्मभर आभारी राहिले असते, पण पत्र लिहायचं खरं कारण पुढचं आहे.

आई वर बघत होत्या. तुम्ही विचारलंत, "मावशी, हे झाड ओळखलंत?" आणि त्या म्हणाल्या, "करंज ना हो भाऊ." मग तुम्ही सांगितलं नाहीत काही, विचारलंत. तुमच्याकडे याचं काय करतात? तर आई सांगायला लागल्या की करंजेल काढायचो, खरूज झाली की लावायचो, सासू दिव्यात पण घालायची, वास उग्र असतो पण किडा फिरकत नाही. काका, मी लग्न होऊन नऊ वर्षं झाली, मला हे कधी सांगितलं नव्हतं त्यांनी. खरं म्हणजे मी कधी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर तुम्ही जवळजवळ तासभर आमच्याबरोबर फिरलात, आईंच्या चालीने, दर थोड्या अंतरावर बसत. मुलगा एका झाडाकडे बोट दाखवून ओरडला की हे दसऱ्याचं सोनं! आईंनी दोन पानं खालची उचलली आणि त्याच्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवली, एक मोठं, एक लहान नि जाडसर. मोठं ते कांचन, लहान तो आपटा, लोक दसऱ्याला कांचनाच्या फांद्याच ओरबाडतात, म्हणाल्या. तुम्ही मान डोलावलीत आणि मुलाला म्हणालात, "ऐक आजीचं." त्या दिवसापासून तो आजीचंच ऐकतोय, आमचं सोडा.

आणि रुईचं झुडूप! तुम्ही पान उलटं केलंत तर खाली सुरवंट, पांढरे काळे पिवळे पट्टे, जणू कोणी बारीक ब्रशने रंगवलाय. मुलगा मागे सरकला, त्याला अळ्यांची भयंकर भीती. तुम्ही त्याला हात लावायला सांगितलं नाहीत, फक्त म्हणालात गुडघ्यावर बस आणि तो काय करतोय ते बघ. तो पानाला गोल कुरतडत होता, आणि कापलेल्या जागी पांढरा चीक जमत होता. चीक वाहून गेला की मग मधलं पान खातो, असं तुम्ही सांगितलंत, आणि त्या पानातलं विष अंगात साठवतो म्हणून फुलपाखरू झाल्यावरही पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. आई म्हणाल्या, शनिवारी मारुतीला माळ करायला आम्ही हीच पानं तोडायचो, पण पान उलटून कधी बघितलं नाही बाई. माझा मुलगा, जो पाच मिनिटं एका जागी बसत नाही, तो किती वेळ तसाच बसून होता देव जाणे.

मिठी नदीच्या बाजूला तिवरं दिसत होती आणि पलीकडे बीकेसीच्या काचेच्या बिल्डिंगा. तिथे तुम्ही सांगितलंत की ही सगळी 37 एकर जागा आधी मुंबईचा कचरा टाकायची होती, त्याच्यावर माती आणून पसरली, 1983 मध्ये सलीम अलींच्या हातून पहिलं झाड लागलं आणि 1994 मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं. मी इतकी वर्षं लिंक रोडने बसमधून जातेय, भिंतीपलीकडे झाडी दिसायची, खाली काय आहे हे माहीतच नव्हतं. आई खाली वाकल्या, चिमूटभर माती बोटांत चोळली, वास घेतला. "भाऊ, हाताला यश आहे तुमच्या" म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, "माझ्या एकट्याच्या नाही मावशी, खूप जणांच्या." तेव्हा तुमचे डोळे भरले होते, मी बघितलं.

निघताना तुम्ही खाली पडलेले चार रिठे मुलाच्या खिशात घातलेत. दोन त्याने बाटलीत पाणी घालून हलवून हलवून फेस काढण्यात संपवले. उरलेल्या दोघांच्या बिया आईंनी गरम पाण्यात रात्रभर भिजवून दह्याच्या रिकाम्या डब्यात लावल्यात, खिडकीत ठेवलाय. अजून काही उगवलेलं नाही. पण सकाळी उठल्या उठल्या आजी आणि नातू दोघं तिथे जाऊन बघतात, आणि तिथून जे बोलणं सुरू होतं ते संगमेश्वरच्या परड्यात जाऊन पोचतं, कुठल्या झाडावर मधमाश्या होत्या, कुठल्या विहिरीत कासव होतं. मी चहा टाकत ऐकत असते.

काका, तुम्ही आईंना बरं केलंत, आणि त्यांना जे येतं ते कोणीतरी विचारलंत. दुसरं जास्त मोठं होतं असं मला वाटतं. मनापासून, अगदी मनापासून आभार.

आणि एक राहिलंच. तुमच्या तिथे भोकराचं झाड बघून आई म्हणाल्या होत्या ना की याचं लोणचं करतात. गावाहून एसटीने भोकरं आलीत, गेल्या आठवड्यात लोणचं घातलंय, एक बरणी तुमच्या नावाची वेगळी काढून ठेवलीय. पाऊस सुरू व्हायच्या आत यायचं म्हणतायत त्या, आणि यावेळी सकाळी लवकर. येत्या रविवारी तुम्ही ड्युटीवर असाल ना?