आरोग्यमंत्री साहेब, केमो संपल्यावरच्या दुखण्याचं काय?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातली, ब्लाऊज-फॉल-पिको करणारी बाई, वय 47. आधी आभार मानते, नाहीतर वाटेल ही नुसती तक्रार करायलाच बसलीय. मला अंडाशयाचा कॅन्सर निघाला, त्याआधी सहा महिने पोट फुगतंय म्हणून गॅसच्या गोळ्या खात होते, कळलं तेव्हा तिसरी स्टेज. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशनही झालं आणि केमोही, नाहीतर आम्ही शेत विकलं असतं. 3 केमो, मग ऑपरेशन, मग परत 3, दर 21 दिवसांनी, कार्बोप्लाटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. ही नावं आता नणंदांच्या नावांसारखी पाठ झालीत.

दुखणं केमोच्या दिवशी यायचं नाही. त्या दिवशी स्टिरॉइडमुळे मी टुणटुणीत, घरी येऊन स्वतः चहा ठेवायची. तिसऱ्या दिवशी मात्र गुडघे, घोटे, कंबर असं धरायचं की अंगावर चादर नको वाटायची, मग आठवड्यात उतरायचं. शेवटच्या केमोनंतर ते उतरलंच नाही. दीड वर्ष झालं. सकाळी भिंत धरून मोरीपर्यंत जाते, मूठ वळत नाही, भाकरी थापायची सोडून पोळ्यांवर आलेय, पाय खाली टेकला की वाळूत उभं राहिल्यासारखं वाटतं आणि सुईत दोरा ओवायला शेजारची पोरगी बोलावते. शिवणकाम करणाऱ्या बाईने!

तपासणीला गेले की रिपोर्ट बघून सांगतात, सीए-125 (कॅन्सर परत येतोय का ते बघायची रक्ततपासणी) छान आहे, तीन महिन्यांनी या. सांध्यांचं काढलं की होईल हळूहळू. इथल्या सरकारी दवाखान्यात गेले तर फाईलवर कॅन्सर वाचून म्हणाले हे तिकडेच दाखवा. तिकडे म्हणजे पाच तास एसटी. 2023 पासून बायकांना हाफ तिकीट केलंत ते चांगलंच झालं, पण त्या एसटीची पहिली पायरी किती उंच असते ते माझ्या गुडघ्यांना विचारा. आणि गावात तर काय, कुणी म्हणतं संधिवात, कुणी म्हणतं वय झालं, कुणी एरंडेल चोळ. चोळलं तेही.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दहा मिनिटं बसून समजावलं. पॅक्लिटॅक्सेलने हातापायांच्या नसांना इजा होते, वर ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशय काढल्यामुळे इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन एका दिवसात बंद होतं, म्हणून सांधे आखडतात आणि पुढे हाडंही ठिसूळ होऊ शकतात. मुंग्या-जळजळीसाठी ड्युलोक्सेटिन नावाची गोळी काहींना लागू पडते, आणि न थांबता हळूहळू व्यायाम. एवढंच. ऐकून मला रडूच आलं, कारण तोपर्यंत वाटायचं कॅन्सर हाडात उतरलाय आणि हे लोक माझ्यापासून लपवतायत. दीड वर्ष तसल्या भीतीत झोपलेय साहेब, आणि हे पहिल्या केमोच्या आधीच मराठीत एका कागदावर लिहून देता आलं असतं की नाही?

तर मागणं मोठं नाही. आमच्याजवळच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसू दे आणि केमो झालेल्या बाईला परत पाठवायचं नाही असं लेखी कळवा. हाडं किती ठिसूळ झालीत ते बघायची डेक्सा तपासणी आणि वर्षभराची फिजिओ योजनेत धरा, कारण ऑपरेशन फुकट झालं पण खाजगी फिजिओचे एका वेळचे 400 रुपये मी चार वेळा दिले, पाचव्यांदा नाही गेले. दोन ब्लाऊजची शिलाई असते ती, आणि आता दिवसाला एकच होतो.

हे सगळं मी बोललेय, टाईप लेकीने केलंय. माझं बोट मोबाईलवर टेकलं की नाही ते मला कळत नाही.

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक शिवणकामवाली