वाचनालयाचे मागचे दार

महोदय,

आमच्या तालुक्याच्या वाचनालयातली देवघेव लिनक्सच्या एका संगणकावर चालते. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर 'कोहा' हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर. बसवून देणारे गृहस्थ पुण्याचे. काही अडले की तिथूनच लॉगिन करून दुरुस्त करायचे. त्यांच्या एसटीचे भाडे वाचते म्हणून आम्हीही खूश.

जूनमध्ये डिस्क भरत आली. भाच्याने पाहिले तर त्यातला बराच भाग चुकलेल्या लॉगिनच्या नोंदींनी खाल्लेला. 'रूट', 'ॲडमिन', 'टेस्ट' अशी नावे लावून रात्रभर कोणीतरी दार ठोठावत होते. कोणीतरी म्हणजे माणूस नव्हे, दुसरे संगणकच. दुरून लॉगिन करण्याचे संगणकाचे दार, म्हणजे २२ क्रमांकाचे पोर्ट, बाहेरून उघडे दिसले की ते तिथे येतातच; त्यांना वाचनालय काय आणि बँक काय. आमचा पासवर्ड होता वाचनालयाचे नाव, पुढे १२३. आत बाराशे सभासदांचे पत्ते आणि फोन.

गंमत अशी की दुरून लॉगिन करायचे हे साधन, एसएसएच, फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये लिहिले ते नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले म्हणूनच. टेलनेट या त्याच कामाच्या जुन्या साधनात पासवर्ड उघडाच जाई, इथे वाटेत कोणाला वाचता येत नाही. पण '१२३' वाटेत वाचायची गरजच काय!

मग पासवर्डऐवजी ओळख पटवणारी किल्ल्यांची, म्हणजे दोन छोट्या फाइलींची, जोडी केली. खासगी किल्ली माझ्या लॅपटॉपवर, सार्वजनिक वाचनालयाच्या संगणकात. सेटिंगच्या फाइलमध्ये पासवर्डने लॉगिन बंद केले, सेवा पुन्हा सुरू केली आणि घरी येऊन किल्लीशिवाय प्रयत्न केला, तर पासवर्ड चालतोच! दोन दिवस डोके खाजवल्यावर कळले, शेजारच्या फोल्डरमधली एक छोटी फाइल आधी वाचली जाते आणि तिच्यात 'चालू' लिहिलेले होते. पहिले सापडेल तेच धरले जाते. बदल केला म्हणजे झाला, असे समजून मी घरी झोपलो असतो तर?

वार्षिक तपासणीला येणारे अधिकारी आमची दाखल नोंदवही पानन् पान बघतात. संगणकात बाहेरून कोण येऊ शकते आणि कशाने, एवढा एक प्रश्न त्यांनी त्यात घालावा, ही विनंती.

पुण्याच्या गृहस्थांची सार्वजनिक किल्ली, म्हणजे एक ओळ, आता काम असेल तेव्हाच संगणकात घालतो, झाले की ती ओळ पुसतो. ते जरा रुसले आहेत.

– एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा