मीटरवाल्या काकांचे जाहीर आभार

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचा अॅव्हो मॉडेल 8, म्हणजे विजेची मापं घेणारा जुना काट्याचा मीटर, घेऊन तुमच्याकडे आलो, तेव्हा पिशवीत मीटरच्या आधी स्क्रू-ड्रायव्हरच हाताला लागत होता. काटा अडकलाय, म्हणजे चुंबक काढून आतून साफ करायचं, असं मी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "चुंबकाला हात लावायचा नाही." पहिले आभार त्याचे. चुंबक जागचा हलवला की त्याचा जोर घटतो आणि मग मीटर सगळीकडेच कमी दाखवतो, हे मला कुठे माहीत होतं! फटीतला लोखंडी कीस तुम्ही चिकटपट्टीच्या बारीक कातरणाने टिपलात आणि काटा शून्यावर आला.

सेलचा कप्पा मात्र मलाच साफ करायला लावलात. मी नेटवर वाचून लिंबू आणलं होतं. तुम्ही हसलात. लिंबू अल्कलाइन सेलच्या गळतीला. बाबांनी आत विसरलेला सेल जुना कार्बन-जस्ताचा, त्याचा गळ मुळात आम्लच. त्याला खायचा सोडा. (काकूंनी डबाच आणून दिला, त्यांचेही आभार.) मी पट्ट्या घासत होतो आणि तुम्ही 1923 ची गोष्ट सांगत होतात: ब्रिटिश पोस्टातल्या डोनाल्ड मॅकेडीने अँपिअर, व्होल्ट, ओहम एकाच पेटीत कसे बसवले त्याची.

मोठे रेझिस्टर मोजायच्या वरच्या ओहम रेंजची 15 व्होल्टची बॅटरी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातही मिळाली नाही. तुम्ही तीन व्होल्टचे पाच बटनसेल एकावर एक रचून काम भागवलंत.

आणि तो डिजिटल मीटरचा घोळ! एकाच सर्किटवर 100 व्होल्टच्या रेंजला अॅव्हो डिजिटलपेक्षा कमी दाखवू लागला, तसा मी हिरमुसलो. अॅव्होचा स्वतःचा रोध रेंजच्या दर व्होल्टमागे 20,000 ओहम, म्हणजे या रेंजला 20 लाख. डिजिटलचे एक कोटी. सर्किटमध्ये मोठे रेझिस्टर असले की, रोध कमी असलेला अॅव्हो स्वतःच सर्किटवर भार टाकतो. दोन्ही मीटर खरंच बोलत होते.

काल घाईत माझी रेंज चुकली आणि जास्त करंट आला की मीटर तोडणाऱ्या कट-आउटचं बटण टक्कन वर आलं. काटा शाबूत. बाबा जिन्यातूनही तो आवाज ओळखायचे आणि वर येईपर्यंत ओरडत यायचे.

रविवारी येतो. शेजाऱ्यांचा मोटवाने 8X मीटर बरोबर असेल. त्याचा एकही स्क्रू मी अजून सैल केलेला नाही.

आपला,
लिंबूवाला