घोडीला मिळालं ते आईला मिळालं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला सांधेदुखीवरचा लेख वाचला. शेक, लेप, तेल, गोळ्या, गुडघेबदल, सगळं त्यात आहे. दुखणं नेमकं कशाचं हे ओळखायचं कसं, याला मात्र जेमतेम दोन ओळी. माझा जन्म पशुवैद्यकात गेला आणि घरात आईचे हात डोळ्यांदेखत वाकडे झाले, म्हणून या दोन ओळींवर लिहिल्यावाचून राहवत नाही.

आमच्या गोव्यात, सत्तरी-डिचोलीकडे घोडा म्हटलं की शिगम्यातली, कमरेला घोड्याचा सांगाडा बांधून नाचायची घोडेमोडणी आठवते. खरा घोडा दिसतो तो वरातीत, नाहीतर एखाद्या तबेल्यात. माझी नोकरीही गाई-म्हशी आणि शेळ्यांतच गेली. घोड्यांचं जे काही आलं ते मुंबईला, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना. घोडा चालवून, पळवून बघितल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही, हे तिथे अंगी बाणलं.

पंधरा-एक वर्षांपूर्वी म्हापशाजवळच्या एका मालकाची वरातीची घोडी पुढच्या पायानं लंगडायला लागली. दुसऱ्या दिवशी लग्न होतं, त्याला संध्याकाळपर्यंत वेदना मारणारी सुई हवी होती. मी दिली नाही. मोतद्दाराला सांगून तिला आधी कडक रस्त्यावर, मग मऊ जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीनं पळवलं. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो, त्या पायावरचा भार चुकवायला. चांगला पाय टेकला की मान खाली येते. हिची मान डाव्या पायाला वर जात होती. मग एकेक सांधा मिनिटभर दुमडून धरायचा आणि सोडल्याबरोबर पळवायचं. दुखणाऱ्या सांध्याची पाळी आली की लंगड वाढते. तरीही खात्री म्हणून खालून वर पायाचा एकेक भाग बधिर करत जायचं, आणि ज्या सुईनंतर लंगड थांबेल तिथे थांबायचं. दुखरा निघाला तो खुराच्या वरचा पहिला ठळक सांधा. घोडा मधल्या बोटाच्या नखावर उभा असतो, त्यामुळे हा सांधा म्हणजे आपल्या मुठीचा उंचवटा. त्याच्या पुढच्या पायाचा जो ‘गुडघा’ म्हणतात, ते खरं तर मनगट.

एक्स-रेमध्ये हाडाच्या कडेला बारीक टोक वाढलेलं दिसलं. सांध्यातलं पाणी काढलं. निरोगी सांध्याचं पाणी दोन बोटांच्या चिमटीत तार धरतं, हिचं साध्या पाण्यासारखं सुटत होतं. त्यात जंतू नाहीत ना, हे आधी तपासून घेतलं, कारण जंतू शिरलेल्या सांध्यात स्टेरॉइड घातलं तर सांधा हातचा जातो. एवढं झाल्यावर त्या सांध्यात वंगणासारखं काम करणारं हायलुरोनिक आम्ल आणि मोजकं स्टेरॉइड दिलं. नालबंदाकडून खूर नीट कापून नाल बदलून घेतले आणि काही आठवडे नुसती संथ चाल ठेवली. मालक चिडला, त्याचे लग्नाचे पैसे बुडाले होते. दोन महिन्यांनी घोडी सरळ पळाली. त्या संध्याकाळी वेदना मारणारी सुई दिली असती, तर दुखतंय हे न कळताच ती रात्रभर डांबरी रस्त्यावर त्याच सांध्यावर नाचली असती. शर्यतीत वेदनाशामक देऊन घोडा उतरवायला बंदी असते, त्याचं एक मोठं कारण हेच.

त्याच वर्षी आईची बोटं दुखत होती.

सकाळी अंगणातली अबोली काढून ती देवासाठी माळ करायची. आधी गाठ घट्ट बसेना, मग दोरा हातातून सुटायला लागला. आजूबाजूचे म्हणाले, वय झालं, वाताचं आहे. मीही तेच म्हणालो. जवळच्या एका खासगी दवाखान्यात दर आठ-दहा दिवसांनी तिला सुई मिळायची. दोन-तीन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. मध्ये कुणीतरी आणून दिलेल्या पुड्याही झाल्या. त्यांनी तर जादूच केली, असं ती म्हणायची. चेहरा गोल झाला, साखर वाढली, तेव्हा मला शंका आली. नाव-गाव नसलेल्या अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. (ज्यांच्या घरी अशी पुडी चालू असेल त्यांनी ती एकाएकी बंद करू नये, त्यानंही धोका होतो. पुडी घेऊनच डॉक्टरकडे जावं.) अशी दोन वर्षं गेली. या दोन वर्षांत एकाही माणसानं तिची बोटं हातात घेऊन सांधे दाबून पाहिले नाहीत. मीसुद्धा नाही. घोडीचा पाय मात्र मी तासभर मांडीवर घेऊन बसलो होतो.

शेवटी ज्या डॉक्टरांनी ओळखलं, त्यांनी पहिल्यांदा विचारलं की सकाळी बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो. चहा, आंघोळ आणि पूजा होईपर्यंत, आई म्हणाली. म्हणजे तासाच्या वर. झिजेच्या दुखण्यात हा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासात सुटतो. मग त्यांनी तिच्या मुठीच्या उंचवट्यांची ओळ हस्तांदोलन करावं तशी हलकेच दाबली. ती कळवळली. दुसरा हात दाबला, तिथेही तेच. दोन्ही हातांचे तेच लहान सांधे सुजलेले, सकाळी आखडलेले. रक्ताच्या दोन तपासण्या, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, यांनी शिक्कामोर्तब केलं. ऱ्हुमॅटॉइड संधिवात, म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते तो आजार. आपल्या आयुर्वेदानंही आमवात (साधारण असाच आजार) आणि संधिगत वात (झिजेचा) ही दोन दुखणी वेगळी मांडली आहेत. बोली भाषेत मात्र आपण सगळ्यांना एकच ‘वात’ म्हणून मोकळे होतो.

तिला ही उलटलेली यंत्रणा आवरणारं मेथोट्रेक्सेट सुरू झालं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. सोबत फॉलिक अ‍ॅसिड, आणि ठरल्या वेळी यकृताची व रक्ताची तपासणी. सूज उतरली, झोप लागायला लागली. पण वाकलेली दोन बोटं सरळ झाली नाहीत. या आजारात सुरुवातीचे महिने मोलाचे असतात. हाड एकदा कुरतडलं गेलं की मागचं भरून निघत नाही.

घोड्याचे सांधे बिघडतात ते बहुतेक वेळा दणक्यानं, झिजेनं किंवा जंतूंनी. माणसाचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. घोड्याच्या शरीरात युरिक आम्ल फोडणारं विकर (एन्झाइम) असतं, माणसानं ते केव्हाच गमावलं, म्हणून पायाचा अंगठा रातोरात लाल होऊन पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही असा गाउट घोड्याला नव्हे, माणसाला छळतो. पावसाळ्यात चिकुनगुनिया होतो आणि ताप उतरून महिने लोटले तरी सांधे सुटत नाहीत. आफ्रिकेतल्या मकोंडे भाषेतलं ते नावच अंग वाकवून टाकणाऱ्या दुखण्याचं आहे. म्हातारपणातली गुडघ्याची झीज तर घरोघरी आहे. तिच्यातही फसगत होते. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेला नसा नाहीत, त्यामुळे ती झिजत असताना कळत नाही, आणि एक्स-रेमधली झीज व माणसाचं दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही. अशा गुडघ्याला मांडीचे स्नायू बळकट करणं आणि वजन उतरवणं याइतका दुसरा भरवशाचा उपाय मला माहीत नाही. अंगाचं एक किलो वजन उतरलं तर पावलागणिक गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी होतो. वर्षानुवर्षं नुसत्या वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्यांनी आपल्या मूत्रपिंडांचाही विचार करावा. आम्हा पशुवैद्यांना हा धडा गिधाडांनी दिला. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुरांची मढी खाऊन ती मूत्रपिंडं निकामी होऊन मेली, आणि 2006 साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली.

आणि एक सांधा अचानक सुजून गरम झाला, ताप आला, पाय टेकवेना, तर उद्याची वाट बघू नये. शिंगराला नाळेतून जंतू जाऊन असं होतं, माणसाला मधुमेहात किंवा सांध्यात सुई घेतल्यावरही होऊ शकतं. त्याच दिवशी सांध्यातलं पाणी काढून तपासायला हवं. एक-दोन दिवसांची दिरंगाईही सांध्याला महागात पडते.

माझं मागणं मोठं नाही. वाळपई, पेडणे, सांगे, काणकोण इथल्या आरोग्य केंद्रांत ठरल्या वारी संधिरोगतज्ज्ञ नियमित बसावा. बोटं वळत नसलेल्या म्हातारीला बस बदलत बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ गाठायला लावू नये. पशुसंवर्धन खात्यानं वरातीच्या आणि सवारीच्या घोड्यांना लग्नसराईआधी एकदा कडक जमिनीवर पळवून तपासावं आणि लंगडणाऱ्याला कामाला जुंपू देऊ नये. याला यंत्र लागत नाही, नजर लागते. आणि ‘संधिवात हमखास बरा’ अशा जाहिराती छापायला चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवरच्या 1954 च्या कायद्यानंच मनाई आहे, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्या नाकाराव्यात.

आपल्याकडेही एक विनंती आहे. पुढच्या पुरवणीत सांधेदुखीवर लिहाल तेव्हा सकाळी सांधे मोकळे व्हायला किती वेळ लागतो, हा प्रश्न ठळक चौकटीत छापा. वाचणाऱ्यानं तो आपल्या आईला विचारावा, आणि उत्तर तासाच्या वर आलं तर त्याच आठवड्यात तिला डॉक्टरकडे न्यावं.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्य, साखळी