सोबत चार निळे फ्यूज

रामबाग, इंदूर
तुळशीच्या लग्नाचा दिवस

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, आईची तब्येत ठीक आहे, शुगरही आटोक्यात आहे. सोबत चार निळे फ्यूज पाठवतोय. ते पाठवायचेच होते, म्हणून दोन ओळी लिहायला बसलो.

परवा फोनवर बोललो ते बोलायला नको होतं. "विकून टाक ती गाडी" हे तर मुळीच नको होतं. तू फोन ठेवलास ते बरोबरच केलंस. पण भाऊबीजेनंतर तू निघालीस, बिजासन घाटात दिवे आधी मंद झाले, मग गेलेच, आणि नुसत्या पार्किंगच्या दिव्यांवर, पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून तू घाट उतरलीस, हे मला आठ दिवसांनी दादाकडून कळावं? त्या रात्री डोळे मिटले की तो लाल दिवाच दिसत होता. असो. त्यावर आता काही बोलायचं नाही असं ठरवलंय.

बोलायचंय ते फ्यूजबद्दल. खाली उतरल्यावर मिस्त्रीने "आता पुन्हा उडणार नाही" म्हणून निळा काढून हिरवा घातला, हे तू किती सहज सांगितलंस. मनू, निळा १५ अँपियरचा, हिरवा ३० चा. फ्यूज उडतो तो वायर वाचावी म्हणून. वायर तर तीच राहिली, १५ च्या मापाची. आता जास्त करंट खेचला गेला तर फ्यूज गप्प बसेल आणि वायर तापेल, तीही डॅशबोर्डच्या आत, जिथे कुणाची नजर जात नाही. वरचं प्लास्टिक मऊ पडतं, आणि शेजारशेजारच्या वायरी उघड्या पडून एकमेकींना चिकटतात.

फ्यूज का उडाला, हे तूच मला सांगितलंस, तुझ्या लक्षात आलं नाही इतकंच. बल्बच्या बुडावरचं वाचून दाखवलंस ना, १००/९० वॉट? मूळचे ६०/५५ चे असतात, पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिपरचा. अप्परला दोन्ही मिळून १२० वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपियर. आधीच्या मालकाने हौसेने बसवलेत ते २०० वॉट खातात, १६-१७ अँपियर, आणि मध्ये रिलेसुद्धा नाही, जास्त करंट वेगळ्या वायरीने नेणारा. तुझ्या गाडीत दोन्ही दिवे एकाच फ्यूजवर. घाटभर अप्पर लावून ठेवलास आणि शेवटी फ्यूजने आपलं काम केलं. तेव्हा आधी बल्ब बदल, मग निळा घाल.

दिवे जाण्याआधी मंद झाले, म्हणून मला अर्थिंगचाही संशय आहे. बॅटरीची काळी वायर बॉडीला बोल्टने कसलेली असते, तिथे गंज चढतो. मल्टिमीटर तुझ्याकडे आहेच. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी, इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४. मग दिवे लाव, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं बॉडीच्या उघड्या लोखंडाला धर. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग खराब समज. बोल्ट उघडून पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायचं. उघडताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी. बघ, पुन्हा शिकवणी सुरू झाली माझी. माफ कर. तुला हे येतं, माहीत आहे मला. घरातल्या जुन्या फ्यूजच्या चिनी मातीच्या कटआऊटवर टॉर्च धरून उभी राहायचीस तेव्हापासून येतं. एकदा तुझा हात भरून आला, तर दुसऱ्या हाताने मनगट धरलंस, पण उजेड हलू दिला नाहीस.

ते कटआऊट आठवलं की मला दुसरंच आठवतं. आत्याच्या लग्नात घर पाहुण्यांनी भरलं होतं, दोन कूलर, मिक्सर, मांडवातली माळ, सगळं एकाच लाइनीवर. फ्यूज तीनदा उडाला. चौथ्यांदा मी तारेचे चार पदर गुंडाळले. आयुष्यभर लोकांच्या घरांत वायरिंग केलेला माणूस मी, आणि म्हटलं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. पहाटे तू मला हलवून उठवलंस, "बाबा, मासळीचा वास येतोय." आपल्या घरात मासळी कुठून येणार? मी तुला दटावून झोप म्हणालो. तू गेली नाहीस, आजीच्या खोलीच्या दाराशी बोट दाखवत उभी राहिलीस. बोर्ड आतून वितळत होता, भिंत हाताला चटका देत होती. पलीकडे आजी आणि पाच मुलं झोपली होती. सगळे म्हणाले वायरिंग जुनं होतं, मीही तेच म्हणालो. खरं काय ते आज पहिल्यांदा सांगतोय, आईलाही माहीत नाही.

म्हणून तो हिरवा फ्यूज मला झोपू देत नाही. तुझ्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे. आपल्या घरात आजवर एकाही बाईने स्वतःच्या पगारातून गाडी घेतली नव्हती. तू फाटकाशी हॉर्न वाजवलास तेव्हा आजी चपला न घालता अंगणात आली, आणि शेजारच्या काकूंना मीच तीनदा सांगितलं की लोन नाही, रोख घेतली आहे. पण गाडीत तसला वास आला तर कडेला घे, चावी बंद कर, आधी बाहेर पड. बॉनेट लगेच उघडू नकोस, हवा मिळाली की भडकतं. सामान राहू दे आत.

बल्ब मिळेपर्यंत रात्री गाडी काढू नकोस. हे मी लिहिणार नव्हतो.

निळा घातलास की फोटो पाठव. कितीही वाजले असले तरी पाठव, मी जागाच असतो.

तुझे
बाबा

ता.क. आईने चिवड्याचा डबा डिकीत स्टेपनीशेजारी ठेवला होता, तो अजून तिथेच असणार. आणि काढलेला हिरवा फ्यूज गाडीत ठेवू नकोस. घाईत कुणीतरी पुन्हा तोच लावेल.