फिलाडेल्फियाहून मनूला

एडिसन, न्यू जर्सी
रविवार रात्र

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुला फिलाडेल्फियाहून एक कार्ड टाकलंय. त्यावर जेमतेम चार ओळी मावल्या, म्हणून बाकीचं इथे लिहितेय. दादा म्हणाला फोन कर, पण फोनवर तू भाजी चिरत "हं, हं" करतेस आणि मी निम्मं सांगायचंच विसरते.

काल शनिवारी आम्ही पाचही जण निघालो. एडिसनहून ट्रेंटन, तिथे गाडी बदलली की थेट शहराच्या मध्यात. स्टेशनला लागूनच रीडिंग टर्मिनल मार्केट आहे, 1893 सालचं. पूर्वी वर आगगाड्या थांबायच्या आणि खाली बाजार भरायचा. गाड्या कधीच्या बंद झाल्या, बाजार अजून गजबजलेला आहे. आमिश, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या, लोकांची दुकानं आहेत तिथे. साधे, एकरंगी कपडे आणि डोक्याला पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका प्रेट्झेल वळत होत्या. कणकेची लांबलचक वळी दोन्ही टोकांनी उचलायची, हवेतच एक पीळ द्यायचा, टोकं दुमडून चिकटवायची, झालं! भट्टीतून बाहेर आलं की वरून लोण्याचा हात. मी दहा मिनिटं नुसती त्यांचे हात बघत उभी होते. बाबांनी मोहरीच्या चटणीबरोबर खाल्लं आणि म्हणाले, फेसलेल्या मोहरीची चव आहे अगदी. मग आणखी एक मागवलं.

आता मुख्य गोष्ट. तुला माहीतच आहे, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध मी किती वर्षं शिकवलं ते. फळ्यावर 1776 लिहायचं, खाली रेघ मारायची आणि तेरा वसाहतींची नावं पाठ करून घ्यायची. जिथे स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला त्या सभागृहाचं इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात एक चित्र तयार झालं होतं. उंच खांब, लांबच लांब दालन, दरबारासारखं काहीतरी. इंडिपेंडन्स हॉलच्या दारातून आत गेलो, रुंद काठाची हॅट घातलेल्या रेंजरने आम्हाला एका खोलीत नेलं आणि म्हणाला, हीच ती. मनू, केवढीशी गं ती खोली! आपल्या शाळेतल्या दोन वर्गांमधली भिंत काढली तर होईल साधारण तेवढी. हिरवी कापडं अंथरलेली टेबलं, त्यांवर पिसाच्या लेखण्या आणि मेणबत्त्या, साध्या लाकडी खुर्च्या. एवढ्या जागेत जाहीरनामा मंजूर झाला आणि अकरा वर्षांनी, 1787 मध्ये, त्याच खोलीत राज्यघटना लिहिली गेली. घटनेच्या वेळी तर बाहेर बातमी फुटू नये म्हणून ऐन उन्हाळ्यात खिडक्या बंद ठेवायचे. काल बाहेर जे ऊन होतं, त्यावरून अंगाची काय लाही होत असेल ते कळलं.

समोर वॉशिंग्टनची खुर्ची आहे, तीच मूळची. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलाय, सोनेरी. घटनेचं अधिवेशन संपताना तिथला एक प्रतिनिधी, बेंजामिन फ्रँकलिन, म्हणाला होता, इतके दिवस मला कळत नव्हतं हा सूर्य उगवतोय की मावळतोय, आता कळलं की उगवतोय. तेव्हा तो 81 वर्षांचा होता, पायांच्या दुखण्याने बेजार. घरून तिथे यायला त्याने बंद पालखीसारखी खुर्ची वापरली होती, चार माणसांनी खांद्यावर आणलेली. ही गोष्ट मी वर्गात कधीच सांगितली नाही, कारण मलाच ठाऊक नव्हती. आता परत एकदा नववीचा वर्ग मिळावा असं फार वाटलं.

त्या खोलीत एकही बाई नव्हती, हेही तिथे उभं राहिल्यावर एकदम जाणवलं. आणि त्यानंतर शंभर वर्षांनी याच शहरात आपली आनंदीबाई आली! 1883 मध्ये, अठरा वर्षांची, कलकत्त्याहून बोटीने. 11 मार्च 1886 ला ती इथल्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली, पंडिता रमाबाई तेव्हा समारंभाला हजर होत्या. रस्ताभर मी वहिनीला तेच सांगत होते. तो फोटो आठवतो ना तुला, आनंदीबाई साडीत आणि शेजारी जपान नि सीरियाच्या दोघी? इथल्या थंडीत ती पोर कशी राहिली असेल गं. पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात वारली, बावीसही पुरी नव्हती. वहिनीचे डोळे भरून आले, आणि माझेही.

रस्त्यापलीकडे लिबर्टी बेल. साधारण साडेनऊशे किलोची घंटा, लंडनहून मागवलेली. इथे आणून पहिल्यांदा वाजवून पाहिली तर तडकली! मग इथल्याच पास आणि स्टो या दोघा कारागिरांनी ती वितळवून 1753 मध्ये नव्याने ओतली. त्यांची नावं घंटेवर ठळक आहेत. मला वाटायचं ती रुंद भेग म्हणजेच तडा. तसं नाहीये. बारीक तडा वाढू नये म्हणून त्याच्या कडा मुद्दाम कोरून रुंद केल्या, ती झाली दुरुस्ती. जवळून बघितलं तर कोरल्याच्या खुणा दिसतात. 1846 मध्ये वॉशिंग्टनच्या वाढदिवसाला वाजवली तेव्हा तडा आणखी वर सरकला आणि घंटा कायमची मुकी झाली. आपला छोटू काचेतून बघत विचारतो, "आजी, मग देवळात नेऊन अडकवत का नाहीत?" रांगेतल्या एक गुजराती बाई खळखळून हसल्या.

घंटेच्या दाराशीच वॉशिंग्टनच्या राष्ट्राध्यक्ष असतानाच्या घराचा पाया उघडा ठेवलाय. त्या घरात त्याने गुलाम ठेवले होते. त्यांतली ओना जज नावाची तरुण मुलगी 1796 मध्ये, घरची मंडळी जेवायला बसलेली असताना, निघून गेली. त्याने शोध घेतला, माणसं पाठवली, पण ती शेवटपर्यंत हाती लागली नाही. स्वातंत्र्याच्या घंटेपासून किती पावलांवर गं हे! मुलांना जाहीरनामा शिकवायचा तर ही मुलगीही शिकवायलाच हवी होती, असं मला मनापासून वाटलं.

दुपारी उन्हाने जीव नकोसा झाला तेव्हा दादाने 'वॉटर आइस' आणून दिलं. आपला बर्फाचा गोळाच, फक्त काडीऐवजी कपात आणि बर्फ अगदी लोण्यासारखा. बाबांनी लिंबाचा घेतला, मी चेरीचा. छोटूची जीभ निळी झाली.

मग एल्फ्रेथ्स ॲली. एवढीशी गल्ली, दगडी फरशीची, दोन्ही बाजूंना विटांची बत्तीस घरं. तीनशे वर्षं लोक तिथे सलग राहतायत, कुंड्यांना पाणी घालतायत, दाराशी पत्रं येतायत. सगळ्यात गंमत तिथल्या आरशांची. वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर लोखंडी दांडीवर लहान आरसे जोडलेले असतात. माडीवर बसल्या बसल्या दाराशी कोण आलंय ते दिसावं म्हणून! त्यांना इथे 'बिझीबॉडी' म्हणतात, म्हणजे चोंबडा. वाईच्या घरी आजी माडीच्या खिडकीतून अर्धी बाहेर वाकून "कोण आहे रे?" विचारायची, आठवतं? तिला हा आरसा मिळाला असता तर तिची कंबर वाचली असती. छोटू खाली उभा राहून आरशाकडे बघून हात हलवत होता, आणि खरंच वरून कुणीतरी हात हलवला. दिवसभरातला त्याचा सगळ्यात मोठा आनंद तो.

जुन्या वस्तीत काही भिंतींवर शिशाचे चार हात एकमेकांच्या मनगटांना धरलेले दिसतात. आगीचा विमा उतरवलेल्या घराची खूण, फ्रँकलिनच्या पुढाकाराने 1752 मध्ये सुरू झालेल्या मंडळीची. आपण लहानपणी हातांची पालखी करायचो ना, अगदी तशीच पकड. दादा-वहिनीने तिथल्या तिथे तशी पालखी करून छोटूला बसवलं.

फ्रँकलिनच्या थडग्याची शिळा कोपऱ्यावरच आहे, लोक तिच्यावर नाणी टाकतात. सतरा वर्षांचा असताना तो या शहरात आला तेव्हा तीन पेन्यांचे तीन मोठे पाव घेऊन, दोन काखेत आणि एक खात खात, मार्केट स्ट्रीटवरून चालला होता. जिच्याशी पुढे लग्न झालं तिने त्याला नेमकं त्याच अवतारात दारातून पाहिलं. तो पोस्टमास्तरही होता इथला. त्याच्या जुन्या घराच्या आवारात एक पोस्ट ऑफिस आहे, तिथे पत्रावर अजून 'बी. फ्री फ्रँकलिन' असा हाताने शिक्का मारतात. तुझ्या कार्डावर तोच आहे. शिक्का मारणाऱ्या बाईंना मी सांगितलं, हे वाईला जाणार. त्यांनी अगदी मन लावून, कागद दाबून धरून मारला.

तिकडे पाऊस असेल. पोस्टमनकाकांना सांगून ठेव, कार्ड जिन्यावर टाकू नका म्हणावं, शाई पसरेल. कुंड्यांचं तुझ्यावर सोपवलंय, तुळशीखाली पाणी साचू देऊ नकोस. बाबा विचारतायत, मीटरचं रीडिंग घ्यायला आला होता का.

तुझी,
आई