वॉरड्रायव्हिंग म्हणजे वायफाय चोरी नाही, आणि सुरुवात पायीच करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वॉरड्रायव्हिंग, म्हणजे फिरत फिरत आसपासच्या वायफाय नेटवर्कची नोंद करायचा छंद, आणि त्याची स्पर्धाही असते. हा शब्द काढला की लोक पहिलं हेच विचारतात, म्हणजे दुसऱ्यांचं वायफाय चोरायचं ना? माझ्या भाच्यानेही हेच विचारलं, त्याला समजावून सांगता सांगता वाटलं की हे आणखी चार जणांपर्यंत जावं म्हणून लिहितोय, जागा असेल तर छापा, कापाकापी केलीत तरी चालेल.

तर चोरी नाही. बहुतेक राउटर दर 102.4 मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा वेळा स्वतःहून ओरडत असतात, माझं नाव हे, चॅनल हा, कुलूप, म्हणजे सुरक्षा, अमुक प्रकारची. याला बीकन म्हणतात. आपण ते ऐकायचं, जीपीएसवरून जागा टिपायची आणि पुढे जायचं, दारावरच्या पाट्या वाचत जावं तसं. कडी वाजवायची नाही! पासवर्ड ट्राय करणं, उघडं नेटवर्क दिसलं म्हणून जरा मेल चेक करणं, हे यात बसत नाही. आणि नेटवर्कमधून जाणारा डेटा तर मुळीच साठवायचा नाही. रस्त्यांचे फोटो काढत फिरणाऱ्या स्ट्रीट व्ह्यूच्या गाड्यांनी तो साठवल्याचं गूगलने 2010 मध्ये कबूल केलं, चुकून झालं म्हणाले, तरी 2013 मध्ये अमेरिकेतल्या राज्यांशी 70 लाख डॉलर देऊन मिटवावं लागलं. शिवाय कायदा देशोदेशी वेगळा आहे, तो आधी बघून घ्या.

स्पर्धेचं म्हणाल तर पीटर शिप्लीने 2001 मध्ये डेफकॉन या अमेरिकेतल्या हॅकर संमेलनात हा प्रकार मांडला आणि पुढच्याच वर्षी तिथे याची कॉन्टेस्ट सुरू झाली. रोजची चुरस मात्र विगल या वायफाय नेटवर्कच्या नकाशाच्या वेबसाइटवर असते, तेही 2001 पासूनच चालू आहे. आपण स्कॅन अपलोड करायचे, जे नेटवर्क तुमच्या आधी कुणी नोंदवलं नसेल ते तुमच्या नावावर जमा. महिन्याची रँक वेगळी, एकूण वेगळी, टीमही करता येते. रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जाऊन आकडा का वाढत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

सुरुवातीला विगलचं ॲप असलेला अँड्रॉइड फोन पुरतो. आयफोनवर जमत नाही, तिथे ॲपला आसपासच्या नेटवर्कची यादीच मिळत नाही. पण अँड्रॉइडची पण एक गोम आहे, अँड्रॉइड 9 पासून ॲपला दोन मिनिटांत चारच स्कॅन करू देतात, म्हणजे तीस सेकंदाला एक. आता हिशोब बघा, 60 च्या स्पीडने गाडी तीस सेकंदात 500 मीटर जाते आणि घरातलं वायफाय रस्त्यावर फार तर पाचपन्नास मीटरच पोचतं, म्हणजे मधलं सगळं गेलं. तेच 5 च्या स्पीडने चाललात तर दोन स्कॅनमध्ये जेमतेम 42 मीटर. म्हणून म्हणतो आधी पायी फिरा, गल्लीबोळात शिरा, तिथे गाडीवाले गेलेलेच नसतात. अँड्रॉइड 10 पासून फोनच्या सेटिंगमधल्या डेव्हलपर ऑप्शनमध्ये हे थ्रॉटलिंग, म्हणजे स्कॅनवरची ही मर्यादा, बंद करता येतं, ते नक्की करा.

मी स्वतः काय केलं तर अँटेना घेतला आधी! आणि दोन आठवडे ऐटीत फिरलो, नंतर कळलं की बॅटरी सेव्हर ॲपला झोपवत होता आणि जे काही टिपलं गेलं त्यातल्या निम्म्याला जीपीएसचा फिक्सच नव्हता, म्हणजे जागाच सापडली नव्हती, जागा नाही तर नोंदीचा उपयोग शून्य. त्यामुळे घराबाहेर पडल्यावर जीपीएस लागेपर्यंत मिनिटभर थांबा.

हार्डवेअरची खरी गरज पुढे लागते. एक रेडिओ एका वेळी एकच चॅनल ऐकतो आणि प्रत्येकावर निदान एक बीकन येईपर्यंत थांबावं लागतं, 2.4 गिगाहर्ट्झचे 13 चॅनल फिरून यायलाच सव्वा सेकंदाच्या वर जातो, 5 गिगाहर्ट्झचे तर त्याहून जास्त. म्हणून मुरलेले लोक रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर किस्मेट हे वायफाय ऐकणारं सॉफ्टवेअर टाकून चारपाच वायफाय अडॅप्टर लावतात. ईएसपी 32 या वायफाय चिपचा छोटा बोर्डही चालतो, पण साधा ईएसपी 32 फक्त 2.4 च ऐकतो, घेताना बघा.

गाडी चालवताना स्क्रीनकडे बघू नका, लॉगिंग चालू करून फोन खिशात टाका, आकडे घरी आल्यावरही तेवढेच असतात.

आणि ज्यांना आपला राउटर अशा नकाशात नकोच आहे त्यांनी नेटवर्कच्या नावाच्या शेवटी इंग्रजीत अंडरस्कोर देऊन नोमॅप (_nomap) जोडावं, गूगल ते मानतं आणि विगलही.

आपला,
एक पायी फिरणारा वाचक